दाजींच्या कोंबड्या

आमचे दाजी म्हणजे खायला काळ आणि भुईला भार. बहिणीच्या नवऱ्याबद्दल असं बोलू नये म्हणे. ज्यांना तसं वाटतं त्यांनी त्यांना आठवडाभर आपल्या घरी नेऊन ठेवावं.

नोकऱ्या त्यांनी सोडल्या, कारण प्रत्येक ठिकाणचा साहेब मूर्ख निघाला. सध्या ते शेती करतात. मोबाइलवरच्या खेळात! रंगीबेरंगी कोंबड्या, मेंढ्या. घड्याळावरचा वेळ संपायच्या आत तांबड्या तांबड्यांच्या खुराड्यात, निळ्या निळ्यांच्या. जन्मात कधी कुंडीला तांब्याभर पाणी घातलं नाही, आणि बोटाने कळप हाकतात.

"डोकं लागतं याला," असं वर मलाच ऐकवतात.

ताई पुढच्या खोलीत शिलाईकाम घेते, मी तिच्या हाताखाली. एका दवाखान्याने नर्सांच्या निळ्या गणवेशांचं काम दिलं होतं. पसंत पडलं तर कायमचं काम ताईलाच मिळणार होतं. ती नुसती देव पाण्यात घालून बसली होती.

एकाच रंगाचे दोन तागे कधीच तंतोतंत सारखे नसतात. म्हणून कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर ताग्याच्या नंबराची चिठ्ठी चिकटवतात आणि एका ताग्याची बाही, पाठ, कॉलर एकत्र बांधतात. आम्ही दोघी बटणं आणायला निघालो तेव्हा ताई म्हणाली, "अहो, तेवढे नंबर बघून गठ्ठे बांधाल?"

बांधले की! मोबाइलवर घड्याळ लावलं, चिठ्ठ्या मधे येतात म्हणून आधीच सोलून फेकल्या आणि डोळ्याला निळं दिसेल ते निळ्यात कोंबलं. आम्ही आलो तर स्वारी कौतुकाची वाट बघत उभी. "वेळ उरला बघ!" ताईला वाटलं, चिठ्ठ्या गठ्ठे बांधून झाल्यावर काढल्या असतील. ट्यूबलाइटखाली सगळं निळं सारखंच दिसतं. तिने बिचारीने शिवून टाकलं.

दवाखान्याचे साहेब आले, त्यांनी एक गणवेश दारातल्या उन्हात धरला. पाठ एक निळी, बाही दुसरी निळी. दुसरा धरला, तिसरा धरला, तेच.

"हे काय शिवलंय, बाई?"

ताईने दाजींकडे पाहिलं. तिला कळलं होतं. मलाही. दाजी मेंढ्या कोंडत होते.

"चूक माझी आहे साहेब," ताई म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं."

आता तरी हा माणूस तोंड उघडेल असं मला वाटलं. उघडलं. फोनवरची नजर न काढता दाजी म्हणाले, "मी हिला सांगतच असतो साहेब, कामात लक्ष पाहिजे."

साहेबांनी उरलेलं कापड गाडीत टाकायला लावलं आणि काम दुसरीकडे देतो म्हणून निघून गेले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताई आता फोन हिसकावून रस्त्यावर भिरकावणार, याची मी वाट बघत होते. ताई उठली, आत गेली आणि चहाचं भांडं घेऊन दारात आली.

"अर्धा कप घ्याल का हो?"

"थांब," दाजी म्हणाले, "माझं घड्याळ चालू आहे."

आणि ताई, भांडं हातात धरून, खरंच थांबली.