नाव विचारायला मनोरीला

लोक मनोरीला हवा खायला जातात. मी गेले ती एका बाईंचं नाव विचारायला, आणि तेही स्वाहिलीतून. हसू नका, त्या एका प्रश्नावर माझा अख्खा संसार अडला होता.

अंगावरची हळद उतरायच्या आत हे आफ्रिकेला, मोंबासाला कामावर परत गेले. माझा पासपोर्ट आला, ट्रंक भरून झाली, पण सासूबाई आगबोटीचं तिकीट काढू देईनात. त्या स्वतः उमेदीची वर्षं मोंबासाला काढून मामंजींबरोबर अंधेरीला परतलेल्या. तिथल्या शेजारणीला धड नाव विचारता येत नाही तोवर जायचं नाही, असा त्यांचा हुकूम. नाही जमलं तर दिवाळीनंतर बघू, म्हणाल्या. दिवाळी म्हणे! मला पुढचा गुरुवारसुद्धा लांब वाटत होता.

आता नाव विचारण्यात शिकायचं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. आपल्याकडे दार उघडलं की ‘कोण पाहिजे’ आणि ‘आपण कोण’, दोन प्रश्नांत माणूस निकालात निघतो. तिकडे असं थेट विचारणं म्हणजे पोलिसी खाक्या. आधी म्हणायचं, ‘हबारी झा न्यूम्बानी?’ (घरची काय खबर?). घर झालं की मुलं, मुलं झाली की काम, तब्येत, पाऊसपाणी. प्रत्येकाला उत्तर एकच, ‘न्झुरी’ (छान). घरात कोणी तापाने फणफणलं असलं तरी आधी छान, ताप मागाहून. एवढं सगळं झाल्यावर हळूच विचारायचं, ‘समहानी, म्वेन्झांगू, जीना लाको नानी?’ म्हणजे माफ करा, सोबतीणबाई, आपलं नाव काय? पोळ्या लाटताना मी हे इतकं घोकलं की स्वयंपाकघरात मोंबासाचा बाजार भरलाय का, असं मामंजी विचारू लागले.

मनोरीला एका गोवेकर कुटुंबाची बंगली होती. मोंबासाहून परतताना त्यांनी घरातल्या म्हातारीच्या सोबतीला तिकडची एक बाई आणली होती. सासूबाईंची गोवेकरांशी जुनी ओळख, या बाईशी मात्र नाही. तेव्हा परीक्षा तिथे घ्यायची ठरली.

मालाडहून आम्ही टांगा केला. मार्व्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ताडाची झाडं, मधे मधे भाताची रिकामी खाचरं, आणि नाकाला हळूहळू लागणारा खारा वास. आमचं घोडं प्रत्येक वळणावर थांबून विचार करी. मी बहुधा गुणगुणत होते, कारण सासूबाईंनी कोपर मारलं.

मार्व्याला टांगा सोडून खाडीपलीकडे जाणाऱ्या होडीत बसलो, तर एक कोळीण रिकाम्या टोपल्या घेऊन शेजारी बसली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सरळ विचारलं, “कोनाची गो तू?” मी सासूबाईंकडे बोट दाखवलं. मग घोव (नवरा) कुठे, काय करतो, कधी गेला, हेही तिने काढून घेतलं. “घोव तिकरं न् तू इकरं?” ती म्हणाली, आणि सगळी होडी हसली. मला तिचा मुद्दा अगदी पटला. सासूबाई समुद्राकडे बघत राहिल्या.

ओहोटी लागली होती. पलीकडे चिखलातूनच उतरावं लागलं, आणि माझी डावी चप्पल मनोरीच्या किनाऱ्याने कायमची ठेवून घेतली. मग उजवी तरी कशाला, म्हणून तीही हातात घेतली आणि अनवाणीच परीक्षेला पोचले.

ती बाई ओसरीवर नारळ खवत होती. अंगाभोवती कांगा (रंगीत छापाचं लांबरुंद कापड), वय सासूबाईंएवढंच. सासूबाईंनी तोंड उघडलं मात्र, आणि मी बघतच राहिले. आमच्या सासूबाई मराठीत फटकळ. भाजीवाला त्यांना बघून वाट बदलतो. स्वाहिलीत त्यांचा आवाज मऊ झाला, मान कलली, त्या चक्क खुदकन हसल्या. ही बाई आमच्या घरात कुठे लपलेली असते, मला कळेना.

नारळाच्या दुधातल्या फुगऱ्या मंदाझी आल्या, वेलचीचा चहा आला. मंदाझी म्हणजे आपल्या गोड पुऱ्यांची गुबगुबीत बहीण. मी पाच खाल्ल्या. मग सासूबाईंनी डोळ्यांनी खूण केली.

मी सुरुवात केली. बाईने माझा हात हातात घेतला तो सोडलाच नाही. घर न्झुरी, तब्येत न्झुरी. उलट तिने मुलांची खबर विचारली, तर मी त्याच झपाट्यात मुलंही न्झुरी म्हणून सांगितली. सासूबाईंना ठसका लागला. मी पदर तोंडाला लावून हसले, बाई मांडीवर थाप मारून हसली. अखेर धीर करून मी तो प्रश्न विचारला, ‘माफ करा’ आणि ‘सोबतीणबाई’सकट. ती म्हणाली, “म्वानाइशा.” जिंकलं! मला मोंबासाचं बंदरच दिसू लागलं. तेवढ्यात तिने मान कलती करून, तितक्याच गोडीने मला विचारलं, “आणि तुझं, सोबतीणबाई?”

“कुसुम,” मी म्हणाले.

कुसुम माझं माहेरचं नाव. लग्नात ताम्हणातल्या तांदळांवर अंगठीने ह्यांनी लिहिलं होतं वसुधा. ते सासूबाईंनी स्वतः निवडलेलं, आणि त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांचे ओठ घट्ट मिटले. होडीची वेळ झाली म्हणत त्या उठल्या.

परतीच्या होडीत त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या. उन्हं उतरली होती, पाणी तांबूस झालं होतं, पण माझ्या डोळ्यांपुढे दिवाळीच्या पणत्या. शेवटी मीच बोलले. “आई, मुद्दाम नाही हो केलं. लग्नापासून सगळे विचारतात, कोणाची तू. तू कोण, असं इतकं मायेने कोणी विचारलंच नव्हतं. खरं तेच तोंडातून गेलं.”

त्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, “मी पण हेच केलं होतं गं. तिथे पोचले त्याच आठवड्यात शेजारणीने विचारलं. मी म्हटलं, इंदू. मग तिकडे असेपर्यंत सगळ्यांची इंदूच होते. मुंबईला उतरले आणि परत सरस्वती झाले.” लगेच नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “पुढच्या बोटीचं तिकीट काढू तुझं. आणि चपला घे आधी, अशी उतरणार आहेस काय तिथे?”

मला होडीत नाचायचं होतं. नाचता येईना, म्हणून मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

अंधेरीला पोचेतो दिवेलागण झाली. फाटक वाजलं तसं व्हरांड्यातल्या खुर्चीवरून मामंजींनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता विचारलं, “कोण आहे?”

सासूबाईंनी पदर सारखा केला.

“इंदू.”

वर्तमानपत्र खाली आलं. ज्यांना पाण्याचा पेलासुद्धा हातात द्यावा लागतो ते मामंजी उठले, पायऱ्या उतरून आले आणि त्यांनी स्वतः फाटक उघडलं. “ये, इंदू,” ते म्हणाले. इतकी वर्षं संसार केलेल्या दोन माणसांना लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं.