कायमचा मिटवलेला धुरा

तक्रारदार : अकोट तालुक्यात दोन एकर कसणारी एक काकू. गैरअर्जदार : तिच्या शेतापुढे शेते असलेले, एकमेकांचे चुलतभाऊ असे दोघे, व तिसरा मी, अर्जनवीस. तारीख : यंदाच्या वेचणीचा पहिला आठवडा. साक्षीदार : तहसीलीबाहेरचा चहावाला, ज्याच्यासमोर मी या दोघांचा करारलेख वाचून दाखवला. हकीकत येणेप्रमाणे.

चुलतभावांच्या शेतांमधल्या बांधावरून, म्हणजे धुऱ्यावरून, गाडी कोणाच्या बाजूने जावी यासाठी दरवर्षी पेरणीआधी लिंबाखाली बैठक बसे. अर्धा दिवस शिवीगाळ, मग चहा, मग त्या सालापुरता तोडगा. काकूचे शेत मागे, तिलाही रस्ता या धुऱ्यावरूनच; म्हणून तीही कडेला बसे व आपल्या गाडीची वाट त्यातच सांगून घेई.

एका वर्षी काठी उगारली गेली आणि मला पाचारण झाले. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. परंतु कलम घालण्यात माझा हात धरणारा तालुक्यात नाही. मी स्टॅम्पपेपरवर वाद कायमचा संपवला. गाडी पूर्वेकडून जाईल, या विषयावर पुन्हा बैठक होणार नाही, आणि लेखात नमूद नसलेल्या कोणासही वहिवाट राहणार नाही. हे शेवटचे वाक्य कोणी मागितले नव्हते. लेखास वजन यावे म्हणून मी घातले. काकूचे नाव मला कोणी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

भांडण खरोखर थांबले. अकोल्यापर्यंत मी हा दाखला देत असे.

यंदा दोघांनी काकूच्या शेताच्या बाजूस तारेचे कुंपण घातले. काकूचा वेचलेला कापूस शेतातच अडकला, वर आभाळ भरलेले. ती माझ्या टेबलाशी आली. मी रीतसर अर्ज करण्यास सुचवले. ती म्हणाली, "भाऊ, ते भांडत होते तवा मले बी बोलता येत होतं. आता बैठकच नाही, त कोनाले सांगू?"

मी स्वतः शेतावर गेलो व खाली मान घालून तार सोडण्यास सांगितले. थोरल्याने माझाच लेख प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवला. "तुमीच लेहलं ना साहेब? मंग आता कावून लाजून राहिले?"

सबब उभय चुलतभावांस विनंती की, सदर काकूस या वेचणीपुरती तार सोडून वाट द्यावी, आणि पेरणीआधी पूर्ववत बैठक बोलवावी. तीत काय ठरेल हे लिहिण्याचा आग्रह मी धरणार नाही. आभाळ पाहता, उत्तर आजच कळवावे. तोंडी चालेल.