टॉवरचं घड्याळ आणि सुताच्या गाठी

सुरतेत राजमार्गावर घड्याळाचा जुना टॉवर आहे. लेसच्या रिळांसाठी बाजारात जाताना मी त्याच्याखालून कितीदा तरी गेले असेन. मान वर करून पाहिलं असेल ते पाच-दहा वेळा. वेळ मोबाइलमध्ये दिसते.

याच टॉवरवरून गेल्या वर्षी मी महिनाभर धाकट्या जावेवर जळत होते. जळत होते हाच शब्द बरोबर आहे, दुसरा शोधायला नको.

आमचे सासरे, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, तरुणपणी धुळ्याकडून इथे कापडाच्या लूमवर कामाला आले. काही वर्षं लूमच्या सुटीच्या दिवशी ते टॉवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला जायचे. किल्ली द्यायचं मुख्य काम एका म्हाताऱ्या कारागिराकडे होतं आणि आबा त्याच्या हाताखाली. जाऊ इथल्या मराठी शाळेत शिकवते. शाळेत ‘आपलं शहर’ असा कार्यक्रम ठरला, तिने टॉवर निवडला आणि रोज संध्याकाळी वही घेऊन आबांच्या खाटेशी बसू लागली.

मी त्याच खोलीत मशीनवर साड्यांना लेस लावत असते. सगळं ऐकू यायचं.

“आबा, बांधला कोणी?”

“एक पारशी शेठ. बापाच्या आठवणीसाठी. तेव्हा घरोघर घड्याळं नव्हती, बाई. सगळ्या बाजाराची वेळ ती एकच.”

“मग?”

एवढं ‘मग’ म्हटलं की आबा सुटायचे. आतली अरुंद शिडी, कबुतरांची घाण, दोरावरची वजनं, ती वर चढवायचं हँडल फिरवताना खांद्याला लागणारी कळ. बावीस वर्षं मी या माणसाला जेवायला वाढतेय. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तासातासाला थेंब मी घातले. माझ्या वाट्याला काय? “चहा गोड झाला.” आणि ही कालची आलेली, गॅसवर दूध ठेवून विसरणारी, हिला आख्खा टॉवर.

“ताई, तुम्हीपण बसा ना इकडे,” ती एकदा म्हणाली.

“मी बसलेच आहे. मशीनवर,” मी म्हटलं.

एक गोष्ट आबांनी हळू आवाजात सांगितली होती. लूमचा खडखडाट सुटीच्या दिवशीही त्यांच्या कानांत घुमायचा, तोंडाने मोजलेले आकडे डोक्यात राहायचे नाहीत. म्हणून ते लूमवरचं वाया गेलेलं सूत खिशातून न्यायचे आणि हँडलचे दहा फेरे झाले की त्याला एक गाठ मारायचे. उतरल्यावर त्या गाठी मोजून कारागीर किल्ली पुरेशी बसली का याचा हिशेब लावायचा. मशीन थांबवून मी हे पूर्ण ऐकलं होतं. जाऊ मध्येच फोन आला म्हणून बाहेर गेली, आबा आपल्याच तंद्रीत बोलत राहिले, तिला अर्धंच मिळालं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ती साडी नेसून, वही काखेत धरून स्वयंपाकघरात आली. आबा आंघोळीला गेले होते.

“ताई, ते सुताच्या गाठींचं काय होतं हो? माझं लिहायचं राहिलं.”

मी पोळी उलटली. “नवस होता. घड्याळ बंद पडू नये म्हणून बांधायचे.”

“अय्या, किती छान!” तिने उभ्या उभ्या लिहून घेतलं.

आबा नवसाच्या नावाने चिडतात, हे मला पक्कं माहीत होतं. यंत्राला तेल लागतं, नारळ नाही, असं ते लूमवाल्यांना ऐकवायचे. तिचं भाषण ऐकून आबांचं मन तिच्यावरून उडावं, इतकीच माझी इच्छा होती.

शाळेत आबांना पुढच्या रांगेत बसवलं. जाऊ छान बोलली, ते मान्य करायला हवं. गाठींपाशी आली तेव्हा तर तिने आवाज खाली आणला आणि सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आबांनी वाजवल्या नाहीत. ते मांडीवरच्या टोपीकडे बघत होते.

परतताना रिक्षात आबा मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना.  उधन्याच्या पुलापाशी आबांनी जावेला अहिराणीत विचारलं, “नवसनं तुले कोनी सांगं?”

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. कळलं होतं तिला.

“कोणी नाही, आबा. माझाच लिहिण्यात घोटाळा झाला.”

म्हणजे वर माझ्यावर हा उपकार. माझा जळफळाट काही कमी झाला नाही, उलट वाढला.

आबा माझ्याकडे वळले. “तू तरी तिला सांगायचंस. तुला तर मी सगळ्यांत आधी सांगितलं होतं.”

“मला? कधी?”

“लग्न होऊन आलीस त्या आठवड्यात. बांगड्या भरायला नेलं होतं तुला. टॉवरखाली उभं करून शिडीपासून सांगायला लागलो. गाठींपर्यंत आलो आणि तू म्हणालीस, ऊन लागस आबा, चला.”

मला आठवलं. हिरव्या बांगड्या आठवल्या, मे महिना आठवला आणि हा माणूस वर बोट करून काय बडबडतोय असं वाटलेलं, तेही आठवलं. त्यानंतर ते मला काही सांगायला आले नाहीत. मीही काही विचारलं नाही. बावीस वर्षांत एकदासुद्धा ‘मग?’ म्हटलं नाही.

“नवसाचं मी सांगितलं,” मी म्हटलं. “मुद्दाम.”

रिक्षावाल्याने आरशात पाहिलं. जाऊ बाहेर बघू लागली. 

घरी आल्यावर मी तिच्याकडून वही मागून घेतली. नवसाच्या ओळीवर आडवी रेघ मारली, मशीनचं स्टूल खाटेपाशी ओढलं आणि पेन उघडलं.

“किती फेऱ्यांनी गाठ, आबा?” आकडा मला माहीत होता.

त्यांनी आधी वहीतली ती रेघ पाहिली.

“दहा,” ते म्हणाले. “ऊन नाही ना लागत?”

“नाही,” मी म्हटलं. “मग?”