सम्राटाला टाळ्या

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात माग चालवणाऱ्या कासीमला फ्रान्सच्या क्रांतीचं भारी वेड. जेवणाच्या सुट्टीत तो ती गोष्ट रंगवून सांगायचा. कामगारांनी युनियनच्या जुन्या अध्यक्षाला हटवलं, तेव्हा घोषणांत सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता.

नवा अध्यक्ष युवराज मात्र प्रश्न विचारणाऱ्यांना एकेक करून युनियनमधून काढू लागला. परवा तर त्यानं सभेत स्वतःलाच कायमचा अध्यक्ष करायचा ठराव मांडला.

कासीम उठला. "फ्रान्सच्या लोकांनी राजाचं डोकं उडवलं आणि शेवटी सम्राटाला डोक्यावर घेतलं. आपण तेच करायलोय!"

युवराज हसला. "कासीमभाई, मधी ज्यांची डोकी उडाली, त्यांचं बी सांगा की."

ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी कासीम जेवायला बसताच रोजचे सोबती डबे झाकून उठले.