दादांची भुवई कोणी पुसली

आमच्या भावकीत आजही असे सांगितले जाते, की दादांच्या पुण्यस्मरणाच्या फ्लेक्सवरचा चेहरा माझ्यामुळे बिघडला. सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांतल्या प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची संख्या थोडी, आणि काय घडले हे समजून घेण्याची तसदी कोणीच घेतलेली नाही. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू. ते गेल्यावर घरातले सगळे फोटो एकत्र राखण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले. माझी सारी नोकरी एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात गेली. तिथे रोजची माहिती चुंबकीय फितीवर उतरवण्यासाठी आम्ही ‘टार’ नावाची आज्ञा वापरत असू. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकली, की शेकडो फायलींचे एक गाठोडे बांधले जाई. ‘जीझिप’ नावाच्या दुसऱ्या आज्ञेने ते आवळायचे आणि हवे तेव्हा सोडायचे. सोडल्यावर प्रत्येक फाइल जशी होती तशीच निघते, कणभरही उणी नाही. तशी निघत नसती तर कारखान्याचे हिशेब एक दिवस टिकले नसते. फोटो असे आवळून जागा फारशी वाचत नाही, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. ते विखरू नयेत, म्हणून मी गाठोडे बांधले आणि त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून पुतण्याला दिली.

पुतण्या, म्हणजे दादांचा मुलगा, शाळेत शिक्षक आहे. त्याने पेनड्राइव्ह मोबाईलला जोडून पाहिला आणि मला फोन केला.

“काका, हे उघडतच न्हाई.”

“लॅपटॉप घेऊन ये. एका ओळीचे काम आहे.”

तो आला नाही.

पुण्यस्मरणाच्या आदल्या दिवशी सकाळी राहुरीहून टेम्पोने फ्लेक्स आला. कोल्हारच्या घरापुढे तो जमिनीवर उलगडला आणि मी हबकलो. ओल्या काचेमागून पाहावा तसा चेहरा. दादांच्या डाव्या भुवईत बैलाचे शिंग लागल्याची आडवी खूण होती. इथे खूणच काय, भुवईसुद्धा सपाट झालेली. वहिनी वाकल्या, बराच वेळ पाहत राहिल्या.

“हे ते न्हाईत,” एवढेच म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सारे गाव ज्या चेहऱ्याला हार घालणार, तो त्यांच्या नवऱ्याचा नव्हता.

“काकांनी फोटो दाबून ठिवलेत ना, त्याच्यातच गेलं सगळं,” पुतण्या जमलेल्यांना सांगू लागला. त्याचे सासरे, आमचे व्याही, ऊस लावण्यात हयात गेलेले. त्यांना तर पर्वणीच मिळाली.

“अहो, चरकातून काढलेला ऊस परत उभा ऱ्हातो व्हय? चिपाडच निघनार!”

सगळे हसले. मी विचारले, “व्याही, तुमचा फेटा घडी घालून ट्रंकेत ठेवता. काढल्यावर त्याचा हातरुमाल होतो का?”

“घडीचं येगळं. तुमी दाबलंय.”

मी पुतण्याकडे वळलो. “हा फोटो तू कुठून घेतलास?”

“ग्रुपवरनं.”

नातेवाइकांच्या मोबाईलच्या ग्रुपवरून! या मोबाईलवरून त्या मोबाईलवर पाठवताना फोटोतला तपशील टाकून दिला जातो, आणि टाकलेला पुन्हा मिळत नाही. खरा चरक तो. माझे गाठोडे तर त्याने सोडलेसुद्धा नव्हते.

मी ओट्यावर लॅपटॉप ठेवला. सर्वांदेखत ओळ टंकली. फायलींची नावे भराभर वर सरकली आणि गाठोडे सुटले. दादांचा फोटो उघडून तो पडदाभर मोठा केला, आणखी मोठा केला. भुवई, भुवईतली खूण, खुणेच्या कडेचे दोन पांढरे केससुद्धा. वहिनींना हाक मारली. त्यांनी पडद्यावर बोट टेकवले.

“हां. हेच.”

पुतण्या तो फोटो घेऊन राहुरीला गेला आणि संध्याकाळी नवा फ्लेक्स घेऊन आला. चुकले, असे तो अजूनही म्हणालेला नाही.

दुसऱ्या दिवशी मांडवात वहिनी येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या, “फोटो पार बिघाडला हुता. भाऊजींनी नीट करून दिला.”

मला ते सहन होईना. “वहिनी, मी काहीही नीट केलेले नाही. तो बिघडलाच नव्हता. होता तसाच निघाला.”

“तेच म्हनते मी. नीट निघाला.”

शेजारून व्याही म्हणाले, “बिघाडला यांनीच, नीट केला यांनीच. मानूस हुशार हाय!”

मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली: फीत, गाठोडे, ग्रुप, सगळे. पंगत बसली, पाने वाढली गेली, तरी मी व्याह्यांना सांगतच होतो. वहिनी आमटी घेऊन आल्या आणि माझ्या पानापाशी थांबल्या. त्यांच्या मागे, मांडवाच्या तोंडाशी, दादा त्या तुटक्या भुवईने आमच्याकडे पाहत होते.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “आता जेवा.”