पिलारआजींची पातळ गाचास

चि. ईशान आणि रेवा,

मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही विचारलंत, आजी त्या लापशीवर तळलेला पाव का घालते? तुम्ही इंग्रजीत विचारलंत, मी मराठीत उत्तर देते आहे. आई वाचून दाखवेल. पिलारआजींनी ती कृती कुठे लिहून ठेवलेली नाही, म्हणून मला नीट आठवतं आहे तोवर लिहून टाकते.

ती शिकले त्या वर्षी पितृपक्ष आटोपला आणि मी तुमच्या वृंदामावशीकडे शारजाला गेले. विमानतळावरून येताना पहिलं दर्शन झालं ते गाड्यांच्या लाल दिव्यांचं. मावशीचं ऑफिस दुबईत. "आई, यल्ला (चल), निघते. जाम लागला की खलास," असं म्हणून ती भल्या सकाळी बाहेर पडायची. मग दिवसभर मी आणि एसीची घरघर.

एका सकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या पिलारआजींनी बेल वाजवली. माझ्याच वयाच्या, काळा झगा, मोजकं इंग्रजी. दक्षिण स्पेनमधल्या ऑलिव्हच्या बागांच्या गावातल्या. त्यांचे यजमान मनुएल त्याआधीच्या हिवाळ्यात वारले, तेव्हा मुलाने त्यांना इकडे आणलं. मुलगा तिथून दूर, रुवैस गावच्या रिफायनरीत, घरी फक्त सुट्टीला. त्यांना बडीशेपेसारखं एक बारीक बी हवं होतं आणि दुकानात कसं मागायचं ते कळत नव्हतं.

आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या बकाल्यात (वाण्याच्या दुकानात) गेलो. मी हिंदीत वर्णन केल्यावर दुकानदार म्हणाला, "यानसून चाहिए आंटी? किसका पेट खराब है?" त्याच्याकडे ते चहाच्या पुड्यांमध्येच होतं. घरी येऊन आम्ही पुड्या फाडत बसलो, आणि तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, एक नोव्हेंबरला, त्यांच्याकडे मृतांचा सण. त्या दिवशी गाचास (पिठाची गोड लापशी) करायची आणि उरलेल्या लापशीने दाराच्या कुलपाचं भोक बुजवायचं, म्हणजे भटके आत्मे घरात शिरत नाहीत. त्यांच्या घरी हे काम मनुएलचं. तो अंगठ्याने लापशी दाबायचा आणि उरलेली चाटायचा.

"या वर्षी तोच बाहेर आहे," त्या म्हणाल्या. "बुजवलं तर त्यालाही येता येणार नाही. नाही बुजवलं तर माझी आई रागावेल."

"पण तुमची आईसुद्धा बाहेरच ना?"

यावर त्या जराशा हसल्या. मी आपली रीत सांगितली: आपण खीर करतो, पान वाढतो आणि गेलेल्यांना बोलावतो. तुमच्या आजोबांनाही मी तसंच बोलावून आले होते.

"नको असलेले आले तर?"

"येतात की. त्यांनाही वाढतो."

त्या पुढची पुडी फाडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या ओट्यापाशी आम्ही कामाला लागलो. ऑलिव्ह तेलात लिंबाची साल आणि यानसून घातलं, तेव्हा वास थेट मुखवासाच्या डब्याचा आला. त्याच तेलात पावाचे तुकडे तळून काढले. मग कणीक गुलाबी भाजून, थोडं थोडं दूध घालत सतत ढवळायचं, साखर, दालचिनी. इतक्यात रुवैसहून मुलाचा फोन आला आणि डाव माझ्या हाती देऊन त्या आत गेल्या.

लापशी कडा सोडू लागली. माझ्या डोळ्यांना ती पतंग चिकटवायची खळच दिसली. लोकांकडे खाणं बिघडायला नको म्हणून मी दूध ओतलं. मग आणखी थोडं. छान खिरीसारखी झाली.

त्या आल्या, डाव उचलून पाहिला आणि चमचाभर घेऊन दाराकडे गेल्या. कुलपाच्या भोकात भरायला गेल्या तर ती दारावरून ओघळत पायपुसण्यावर. पुन्हा भरली, पुन्हा ओघळली. आत काही राहीना. मी ओशाळून म्हटलं, "आटवू या. घट्ट होईल."

त्या हसायला लागल्या. हसता हसता दाराशेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि डोळे पुसू लागल्या. मी फडक्याने दार पुसून काढलं.

"नको आटवू," त्या म्हणाल्या. "उघडंच राहू दे. आईला सांगेन, शेजारणीने दूध जास्त घातलं."

मग त्यांनी तीन वाडगे भरले. तिसरा दारासमोर ठेवला आणि त्यावर पावाचे तुकडे पसाभर घातले. "त्याला पाव जास्त लागायचा," एवढंच म्हणाल्या. मी त्या वाडग्याला नमस्कार केला. काय करायचं ते दुसरं सुचलं नाही.

महिनाभराने मी साताऱ्याला परतले. दारातून आत आले तेव्हा घर नेहमीपेक्षा कमी रिकामं वाटलं. का ते मला नीट सांगता येणार नाही. पिलारआजी आता रुवैसला मुलाकडेच राहतात. त्यांचं गावातलं घर विकलं, आणि भोक बुजवणं त्यांनी कायमचं सोडलं. आजोबांच्या पानावर मी खिरीशेजारी हीच लापशी वाढते आणि वर पाव घालते.

गाचास अजून होते. दोन्ही घरांत, पातळच.

तुमची आजी