उंच ताई हो म्हणाली

माझं लहानपण भातसानगरला, धरणाच्या कॉलनीत गेलं. वडील धरणावर नोकरीला आणि शेजारीपाजारी सगळे पुण्या-नाशकाकडून बदलून आलेले. त्यामुळे शहापूर तालुक्यात वाढूनही तिथली बोली मला धड येत नव्हती. डी.एड. झाल्यावर नोकरी लागली ती मुरबाड तालुक्यात, टोकावड्याला एस.टी. सोडून आत चालत जावं लागायचं अशा एका गावात. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. शाळा एका संस्थेची, चौथीपर्यंत, गळक्या कौलांची. शिक्षक दोनच, मुख्याध्यापक आणि मी.

शाळेत बहुतेक पोरं गावातल्या शेतकऱ्यांची. टेकाडावरच्या वाडीतली पाच-सहा जण यायची, ती वेगळी बसायची आणि त्यांची बोलीही गावापेक्षा वेगळी. त्यांच्यातली तिसरीतली एक मुलगी शाळेत बोलायचीच नाही. हजेरीला हात वर करायची, लिहायला सांगितलं की लिहायची, पण तोंडातून शब्द नाही. कमरेवर कायम धाकटा भाऊ. मुख्याध्यापकांनी निकाल देऊन टाकला होता, “मुकी आहे. हिच्या बापाला सांगा, मूकबधिर शाळेत टाक म्हणून.” मी वाडीत जाऊन तिच्या आईला विचारलं, तर ती बाई हसायलाच लागली. “मुकी? घरा येऊन आयका बाई. डोका खाते आमचा.” पहिलीत असताना तिनं वर्गात काहीतरी विचारलं होतं आणि सगळा वर्ग खो खो हसला होता, एवढं आईकडून कळलं. तेव्हापासून तिनं शाळेपुरतं तोंड मिटलं होतं.

मी काय काय केलं नाही? गोष्टी सांगितल्या, शेंगदाण्याचे लाडू आणले, एकटीला जवळ घेऊन बसले. ती लाडू खायची, भावाला भरवायची आणि गप्प बसायची. माझा स्वभाव मुळात तापट. कधी कधी असा संताप यायचा की वाटायचं, हिला गदागदा हलवावं. मग तीच भावाचं नाक फ्रॉकनं पुसताना दिसली की माझा राग निवून जायचा.

त्या पावसाळ्यात संस्थेचे चिटणीस बातमी घेऊन आले. इंग्लंडातल्या एका शाळेच्या मुलांनी आपल्या शाळेला दोन खोल्या बांधून द्यायचं ठरवलं होतं. पैसे जमले होते, आणि आता ती मुलं स्वतः तीन आठवडे राहायला येणार होती, रंग द्यायला आणि शिकवायला. त्यांची सुट्टी जुलैत, म्हणजे नेमकी आमच्याकडे भाताची आवणी ऐन भरात असताना. आवणीत आमच्या शाळेत कोण असतं? मोठी पोरं चिखलात रोपं लावतात, मधली बांधावर भाकऱ्या पोचवतात. उरतात ती अगदी लहान, किंवा जिच्या कमरेवर मूल आहे ती. मी हे चिटणिसांना सांगितलं. ते म्हणाले, “बाई, त्यांची विमानाची तिकिटं निघालीत. पोरं गोळा करायचं तुम्ही बघा.”

मी कुठली गोळा करणार? आवणीसमोर बाईंचं कोण ऐकतंय!

दहा-बारा जण आले, अकरावी-बारावीच्या वयाचे. वागायला गोड पोरं, मला राग धरता येईना. सोबत फोटो आणले होते. एकात मुली केक विकताहेत, एकात मुलगे लोकांच्या गाड्या धुताहेत, आणि एकात एका मुलाचा सगळ्यांसमोर गोटा केला जातोय. त्यासाठीही म्हणे लोकांनी शाळेला पैसे दिले. तो मुलगा प्रत्यक्ष आला होता, डोक्यावर जेमतेम खुंट वाढलेले. गावातल्या म्हाताऱ्या फोटो बघून गलबलल्या. एकीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, “कोण गेला रं तुजा? बाप का आय?” तिला काही केल्या पटेना की घरात कुणी गेलेलं नसताना कुणी डोकं भादरून घेईल. पुढचे तीन आठवडे ती त्याला रोज तांदळाची भाकरी आणून द्यायची. तोही बिचारा खायचा.

त्यांच्यात एक फार उंच मुलगी होती. दारातून येताना वाकायची. पोरांनी तिचं नाव उंच ताई पाडलं. तिनं एकच मराठी शब्द उचलला होता, ‘हो’. तो तिला इतका आवडला की कुणी काहीही म्हटलं तरी मान डोलावून हो, हो करायची. खिचडीवाल्या बाईनं मीठ कमी पडलं का विचारलं, हो. जास्त झालं का विचारलं, हो. आम्ही सगळे हसायचो आणि तीही हसायची.

तिनं दुसऱ्याच दिवशी आमच्या त्या न बोलणाऱ्या मुलीच्या कमरेवरचं बाळ उचलून स्वतःच्या कमरेवर घेतलं. मुलगी आधी बावरली, मग दोन्ही हात हलवून बघितले, आणि तिच्या मागे मागे फिरायला लागली.

एका दुपारी मी खिचडीच्या खोलीत तांदूळ निवडत होते. भिंतीपलीकडून कुणीतरी भराभरा बोलत होतं, खणखणीत आवाजात. हा आवाज ओळखीचा वाटेना. फटीतून बघितलं तर ती! उंच ताई उकिडवी बसून भिंतीच्या खालच्या पट्टीला निळा रंग देत होती, बाळ तिच्या पाठीवर दुपट्ट्यानं बांधलेलं, आणि शेजारी उभं राहून ही हातवारे करत बोलत होती. बोलत कसली, आमच्या शाळेत गप्प काढलेली दोन वर्षं एका दमात भरून काढत होती. मी धावत बाहेर गेले. माझी सावली पडली तशी ती गप्प झाली.

मग मी शहाणी झाले. रोज त्या वेळेला खिचडीच्या खोलीत जाऊन बसायचे. तिची बोली मला बारा आणे कळायची. कोंबडी कुठे अंडी घालते, बाप दारू प्यायल्यावर कसा गातो, सगळं कळलं. उंच ताईला काही कळत नव्हतं आणि म्हणूनच ती बोलत होती, हे मला लगेच उमगलं. मी आपली सोन्याची खाण सापडल्यासारखी ऐकत बसायचे. पुढे वर्गात तिला यातलंच काही विचारता येईल, असे बेत करत होते.

एक दिवस ती वीटभट्टीबद्दल सांगत होती. दिवाळी झाली की वाडीतली निम्मी घरं भिवंडीकडे भट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. यंदा घरच्यांबरोबर तिलाही जावं लागणार होतं. आधी तिला आजीकडे ठेवून जायचे, पण आजी गेल्या उन्हाळ्यात वारली. “मना नाय जावा तिकडं,” ती म्हणाली. उंच ताई म्हणाली, “हो.” “तुज्या गावाला भट्टी नाय ना?” “हो, हो.” मुलगी तिच्याजवळ सरकली. मग म्हणाली, “मी येव तुज्यासंगं?”

“हो,” उंच ताई म्हणाली, आणि रंगाचा हात वर धरून हसली.

“याला नाय आणायचा. याला आय घेल.”

“हो.”

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. त्या अख्ख्या गावात हे दोन्हीकडून कळलेली मी एकटीच होते.

शनिवारी चिटणीस आले तेव्हा त्यांना गाठलं. त्यांचं इंग्रजी फर्डं होतं. म्हटलं, तेवढं समजावून सांगा उंच ताईला. ते पाहुण्यांच्या जेवणाच्या गडबडीत. “बाई, लहान पोरांचं काय मनावर घेता? पाहुणे गेले की विसरेल.” मग मीच माझं मोडकंतोडकं इंग्रजी गोळा करून उंच ताईला सांगितलं, ही समजते की तू हिला नेणार. तिला ते समजायला वेळ लागला. समजलं तशी ती रडायलाच लागली. छातीवर हात ठेवून भडाभडा बोलली, त्यातलं मला ‘सॉरी’ तेवढं कळलं. मीच तिच्या डोळ्यांना रुमाल लावला. तिची तरी काय चूक होती?

दुसऱ्या दिवशी तिनं मुलीला जवळ बसवून कागदावर चित्र काढलं. खाली डोंगर आणि शाळा, शाळेपाशी छोटी मुलगी. वर विमान, विमानाच्या खिडकीत आपलं तोंड, हात हलवणारं. निरोप घेतेय, असं. मुलगी लक्ष देऊन बघत होती. मग तिनं पेन्सिल घेतली आणि शेजारच्या खिडकीत एक लहान डोकं काढलं, दोन वेण्यांचं. उंच ताईनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. कागद ओढून घेऊन ते डोकं खोडायचं धैर्य दोघींनाही झालं नाही.

शेवटी मी मुलीला स्पष्ट सांगितलं, “हे बघ, ती तुला नेणार नाही. तिचं घर लांब आहे.” ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिली. माझं तिनं का ऐकावं? तिनं स्वतः विचारलं होतं आणि तिला स्वतःच्या कानांनी हो ऐकू आलं होतं. तिच्या आईकडे गेले. ती दुसऱ्याच्या खाचरात मजुरीनं आवणी करत होती, कमरेत वाकलेली. मान वर न करता म्हणाली, “पोर हाय बाई. इसरंल.” भट्टीचं विचारलं तर म्हणाली, “कुना भरोशावर ठेवू तिला? तुमी ठेवता?” माझी खोली टोकावड्यात, घरमालकिणीला मी एकटीच जड झालेली. ती पुढच्या ओळीकडे सरकली.

निरोपाचा समारंभ झाला. नारळ फुटला, हार झाले, चिटणीस अर्धा तास बोलले. ती मुलगी पहिल्यांदाच भावाशिवाय आली होती. तेल लावून दोन वेण्या, धुतलेला फ्रॉक, हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात एक फ्रॉक आणि भाकरी. पाहुण्यांनी तिचे फोटो काढले. किती छान आवरून आली म्हणून कौतुकही केलं.

उंच ताईनं तिला कवटाळलं, खूप रडली, अंगातला रेनकोट काढून तिला घातला. तो तिच्या पायाखाली लोळत होता. मग सगळे जीपमध्ये चढले आणि तीही चढली. रेनकोट सावरत, पिशवी आधी आत टाकून. ड्रायव्हर चांगला माणूस. त्यानं तिला दोन्ही हातांनी अलगद उचलून खाली ठेवलं, “उतर गो बाय, गाडी निघाली,” आणि पिशवी तिच्या हातात दिली. आतून उंच ताईचा हुंदका ऐकू आला. जीप चिखल उडवत वळणापलीकडे गेली.

ती रडली नाही. गावकरी पांगले, मुख्याध्यापक खुर्च्या मोजायला आत गेले. ती रस्त्याकडे बघत उभी, आणि मी तिच्या शेजारी, हात धरावा की धरू नये या विचारात. मग ती माझ्याकडे वळली आणि बोलली. माझ्याशी, पहिल्यांदा.

“बाई, मना नीट सांगाया नाय आला का?”

“आलं गं,” मी म्हणाले. “तू अगदी नीट सांगितलंस. सगळं नीट सांगितलंस.”

“मंग?” ती म्हणाली.